दुसरी गिटार बघायला जाताना पहिलीला सोबत न्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चौदा वर्षांपासून यामाहाची एफजी मालिकेतली ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या पोटाची गिटार, वाजवताय. तिच्यावर जीव आहे, विकायची नाही. पत्नी भावगीतं गातात, त्यांना घरी आणि सोसायटीच्या कार्यक्रमात साथ करता. गेल्या वर्षापासून पिक बाजूला ठेवून बोटांनी वाजवायला लागलात. राहायला डोंबिवलीत, पन्नास हजारांपर्यंत खर्चाची तयारी. आणि दुकानदाराचं म्हणणं, "त्याच कंपनीची वरची घ्या, सगळी सॉलिड लाकडाची", म्हणजे थर चिकटवलेली नाही, अखंड लाकडाची. घ्यावी का?

नका घेऊ. गिटार उत्तम असेल, दुकानदारही फसवत नसेल. पण त्याने उत्तर दिलंय ते "पहिलीपेक्षा चांगली कोणती?" या प्रश्नाचं. तुम्ही पहिली विकणार नाही, म्हणजे तुमचा प्रश्न वेगळा आहे. पहिली जे करत नाही ते कोण करेल, हे तुम्हाला हवंय.

पुण्यात मी पंचवीसेक वर्षं गिटार शिकवतोय, दुपारी दुरुस्तीची कामंही करतो. ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून ठासून सांगतो. माझी पहिली ड्रेडनॉट साधी होती. हातात जरा पैसे आले तेव्हा तिच्या तिप्पट किमतीची दुसरी ड्रेडनॉट घेतली. पहिले तीन महिने स्वर्ग. मग लक्षात आलं की दोन्हींवर मी तीच गाणी, त्याच कॉर्ड, त्याच ठेक्यात वाजवतोय. महागडी जास्त सुरेल होती, म्हणून जुनी भिंतीवर गेली. पुढे क्लासला ने-आण करताना महागडीला ओरखडा पडेल या भीतीने जुनीच खाली उतरली आणि महागडी पेटीत गेली. दोन वर्षं एका वेळी एकच गिटार वाजत होती आणि दुसरीबद्दल मनात अपराधीपणा. शेवटी महागडी एका विद्यार्थ्याला दिली. तो अजून वाजवतो, आणि ती त्याच्याकडे माझ्याकडच्यापेक्षा सुखात आहे.

तर दुकानात जायच्या आधी घरी बसून एक काम करा. आठवडाभर रोज वाजवताना कागद शेजारी ठेवा आणि कुठे कुठे सोडून देता ते लिहा. "अंतरा प्लकिंगने सुरू केला, बोटं अडकली, स्ट्रमिंगवर आलो." "चौथ्या फ्रेटवर कॅपो, आवाज पातळ." "रात्री अकरानंतर वाजवलंच नाही, शेजारी." (नवख्यांसाठी: प्लकिंग म्हणजे एकेक तार बोटाने छेडणं, स्ट्रमिंग म्हणजे सगळ्या तारांवरून हात फिरवणं, फ्रेट म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, कॅपो म्हणजे गळ्यावर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा.) बहुतेकांना वाटतं आपण आवाजासाठी गिटार शोधतोय. कागद पाहिला की कळतं, निम्म्या नोंदी हाताच्या, मांडीच्या आणि वेळेच्या असतात. तुमचा कागद मी पाहिलेला नाही, पण प्रश्नात जेवढं लिहिलंय त्यावरून तीन गोष्टी दिसतात: भावगीताची साथ, बोटांचं वाजवणं, डोंबिवलीचा पाऊस.

साथीपासून सुरू करतो, कारण तिथेच ड्रेडनॉटचा स्वभाव आडवा येतो.

ड्रेडनॉट हे नाव ब्रिटिश युद्धनौकेवरून आलंय. 1916 साली अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने बॉस्टनच्या डिटसन या दुकानासाठी ही मोठ्या पोटाची, जाड कमरेची गिटार बनवली, आणि 1931 पासून स्वतःच्या नावाने विकायला काढली. गरज होती मोठ्या आवाजाची. माइक घरोघरी नव्हते, सोबत बँजो आणि फिडल, त्यात गिटार ऐकूच यायची नाही. म्हणून खर्ज वाढवला, आवाज वाढवला. आज आपण तीच युद्धनौका घरातल्या छोट्याशा बैठकीत आणतो आणि समोर एक बाई हळुवार आवाजात भावगीत गातेय! स्ट्रमिंग केलं की खालच्या दोन तारांचा घुमार खोलीभर साचतो, शब्द त्यात बुडतात, मग आपण हात आखडून वाजवतो. आखडलेल्या हाताने ड्रेडनॉट कधीच खुलत नाही, तिला थोडा दणका लागतो. त्यात तबला असेल तर आणखी पंचाईत. डग्ग्याची जागा आणि ड्रेडनॉटच्या खर्जाची जागा जवळपास एकच. दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं तबलजी जोरात वाजवतोय.

याला उतारा म्हणजे लहान अंगाची गिटार. मार्टिनच्या भाषेत ट्रिपल ओ किंवा ओएम, इतर कंपन्यांत कॉन्सर्ट, ऑडिटोरियम, यामाहात एफएस. नावांच्या जंगलात शिरू नका, टेप घेऊन मोजा. ड्रेडनॉटची बॉडी खालच्या बाजूला साधारण 397 मि.मी. रुंद, ओएमची 381. हा फरक फार नाही. खरा फरक कमरेत आणि जाडीत आहे. ड्रेडनॉट मागच्या टोकाला साडेबारा सें.मी.च्या आसपास जाड, ओएम साडेदहाच्या. ते दोन सेंटिमीटर गेले की उजव्या खांद्याला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. आतली हवा कमी झाली की खर्ज आवरता येतो, मधल्या आणि वरच्या तारा त्याच्या बरोबरीने बोलू लागतात. प्लकिंगला हेच हवं असतं: अंगठ्याची तार आणि अनामिकेची तार एका वजनाची.

आणि ओएमचा इतिहासही तुमच्या बाजूचा आहे. 1929 साली पेरी बेक्टेल नावाच्या बँजोवादकाला गिटारचा लांब, मोकळा गळा हवा होता, म्हणून मार्टिनने ट्रिपल ओची बॉडी वर थोडी आखडून घेऊन चौदाव्या फ्रेटला बॉडी भेटेल अशी गिटार बनवली. त्याआधीच्या बऱ्याच गिटारी बाराव्या फ्रेटला बॉडीला मिळायच्या. आजही बारा फ्रेटच्या गिटारी बनतात, फार गोड वाजतात, ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा अडकवतात ती पट्टी, बॉडीच्या मध्याकडे सरकल्याने आवाज गोल होतो. मला स्वतःला त्या आवडतात. पण तुम्हाला सुचवणार नाही, आणि कारण पत्नीच्या पट्टीत आहे.

तुम्ही लिहिलंय की त्यांची पट्टी काळी चार, क्वचित काळी पाच. म्हणजे षड्ज जी शार्प किंवा ए शार्प. दोन्ही पट्ट्यांत गिटारवर उघड्या तारांच्या सोयीच्या कॉर्ड नाहीत, कॅपो आला. मेजरकडची चाल असेल तर काळी चारला पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि जीचा आकार, काम झालं. पण आपली अर्धी भावगीतं मायनर वळणाची. तिथे ई मायनरचा आकार धरायचा तर कॅपो चौथ्या फ्रेटवर, डी मायनरचा धरायचा तर सहाव्या. ए मायनरचा धरायचा तर अकराव्या, म्हणजे विषय संपला. काळी पाचला ई मायनरसाठी कॅपो सहाव्यावर जातो. बारा फ्रेटच्या गिटारवर सहाव्याला कॅपो लावला की हाताला उरतात सहा फ्रेट, आणि त्यातल्या शेवटच्या एक-दोनवर तळहात बॉडीला टेकायला लागतो.

आता तुमच्या गिटारची तारेची लांबी बघा. एफजीची 650 मि.मी. आहे. चौथ्या फ्रेटवर कॅपो लावलात की वाजणारी तार 516 मि.मी. उरते. म्हणजे पोट युद्धनौकेचं आणि तार लहान मुलाच्या गिटारची. म्हणून तो आवाज पातळ लागतो. बॉडी ज्या खर्जासाठी घडवली, तो खर्जच तुम्ही काढून घेतलात. लहान बॉडीच्या गिटारवर कॅपो चौथ्याला लावला तरी ती उघडी पडल्यासारखी वाटत नाही, कारण तिची मूळ मदारच मधल्या स्वरांवर.

इथे एक युक्ती सांगतो, जी दोन गिटारी असल्याशिवाय करता येत नाही. दुसरी गिटार कायमची अर्धा स्वर उतरवून ठेवा, सगळ्या सहा तारा. आता ए मायनरचा उघडा आकार धरलात की निघतो जी शार्प मायनर. काळी चार, कॅपोशिवाय! जोडीला डी मायनर, ई, एफ, सी हे सगळे हाताखालचे आकार. मेजर चालीला एचा आकार. काळी पाचसाठी दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, तेच आकार. आणि नेहमीची पट्टी हवी तर पहिल्या फ्रेटवर कॅपो, झाली पूर्ववत. माझ्या वर्गातल्या एका काकांनी हे केलं तेव्हा त्यांच्या सौ. म्हणाल्या, "आज गिटार खाली बसून वाजवताय असं वाटतंय." त्यांना शास्त्र माहीत नव्हतं, पण कान बरोबर होता. खर्जाची तार परत आली होती.

अर्धा स्वर उतरवलं की तारेचा ताण सुमारे 11 टक्क्यांनी घटतो. बोटांना आराम, पण तारा जरा ढिल्या पडतात, जोरात वाजवलं तर फ्रेटवर खरखरतात. म्हणून अशा गिटारवर .012 ऐवजी .013चा, म्हणजे जरा जाड तारांचा, संच चढवावा लागू शकतो. लगेच नको, आधी महिनाभर आहे त्याच तारांवर वाजवून बघा. तुमचा हात हलका असेल तर गरजही पडणार नाही.

तारेच्या या वाजणाऱ्या पूर्ण लांबीला स्केल म्हणतात. लहान अंगाच्या गिटारींत दोन प्रकार मिळतात: 645 मि.मी.च्या आसपासचा लांब आणि 632-634चा आखूड. यामाहाची एफएस 634 आहे. तुमच्या 650 वरून 634 वर आलात की त्याच तारा, त्याच सुरात साधारण 5 टक्के कमी ताणल्या जातात. पहिला ते चौथा फ्रेट हा पल्लाही अडीचेक मि.मी.ने आखूड होतो. कागदावर किरकोळ वाटेल, पण ज्यांची करंगळी चौथ्या फ्रेटला जेमतेम पोचते त्यांना अडीच मि.मी. म्हणजे पोचणं आणि न पोचणं. पण लक्षात घ्या, आखूड स्केल आणि अर्धा स्वर उतरवणं ही दोन्ही सुखं एकदम घेतलीत तर तारा लोंबायला लागतील. उतरवून ठेवायची असेल तर लांब स्केलची ओएम बघा. नेहमीच्याच सुरात ठेवायची असेल तर आखूड चालेल. तुमच्या घरची पट्टी बघता मी लांबकडे झुकतो.

आता नट, म्हणजे गळ्याच्या वरच्या टोकाची रुंदी. इथेच लोक सर्वात कमी बघतात आणि नंतर सर्वात जास्त रडतात. तुमची गिटार 43 मि.मी.ची. प्लकिंगवाल्यांसाठी बनवलेल्या गिटारी 44.5 मि.मी.च्या असतात. दीड मि.मी. सहा तारांमधल्या पाच फटींत वाटला तर प्रत्येक फटीला 0.3 मि.मी. हसू येईल. पण सी कॉर्ड धरून पहिली तार उघडी ठेवायचा प्रयत्न करा, आणि तर्जनीचा मांसल भाग तिला चाटतो की नाही बघा. चाटत असेल तर तो 0.3चाच प्रश्न आहे. उजव्या हाताला लागणारी मोकळीक मात्र ब्रिजपाशी मोजायची असते. पहिल्या तारेच्या मध्यापासून सहाव्या तारेच्या मध्यापर्यंत 54-55 मि.मी. असेल तर बोटं सुटी फिरतात. तुमच्या गिटारवर आधी मोजून ठेवा, दुकानात तुलना करायला आकडा हाताशी लागेल.

लाकडाबद्दल तुम्ही विचारलंय म्हणून लिहितो, नाहीतर शेवटी एका ओळीत उरकलं असतं. मागच्या आणि बाजूच्या लाकडावर जेवढी चर्चा झडते तेवढी ती लायकीची नाही. गंमत म्हणजे जगभर ज्याचं कौतुक चालतं ती भारतीय शिसवी आपल्याच सह्याद्रीतली. ब्राझीलची शिसवी मिळणं अवघड झाल्यावर 1969 मध्ये मार्टिनने आपल्याकडच्या शिसवीवर मुक्काम हलवला, आणि मग सगळ्यांनीच. पण 2018 मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा गिटारी बनवून घेतल्या. घडण तीच, फक्त मागचं-बाजूचं लाकूड वेगळं: ब्राझीलची शिसवी, भारतीय शिसवी, महोगनी, मेपल वगैरे. 52 वादकांना लाकूड दिसणार नाही अशा बेताने त्या वाजवायला दिल्या. सगळ्या गिटारींना गुण जवळपास सारखे पडले. स्वस्त लाकूड आणि दुर्मीळ लाकूड यांत कान फारसा भेद करू शकला नाही. माझा अनुभवही हाच. दुरुस्तीला आलेली गिटार मी कधी कधी आधी पाठ न बघता वाजवून अंदाज बांधतो. जितक्या वेळा बरोबर येतो तितक्याच वेळा चुकतो.

वरच्या फळीचं मात्र तसं नाही. तीच खरी वाजते. तुमच्याकडे स्प्रूस आहे: जोरात वाजवलं तरी स्वच्छ, पण हलक्या हाताला जरा उशिरा उत्तर देणारं. सीडर त्याच्या उलट. बोट लावलं की बोलतं, जोर केला की मात्र लगेच थकतं, आवाज पसरट होतो. महोगनीची वरची फळी आणखी वेगळी, आस कमी, घुमार कमी, स्वर जागच्या जागी. भावगीताच्या साथीला आणि रेकॉर्डिंगला ती फार सोयीची, कारण गळ्याच्या आड येत नाही. एकट्याने वाजवायला काहींना कोरडी वाटते. तुमच्याकडे स्प्रूस आहेच, तेव्हा सीडर किंवा महोगनी दिसली तर आवर्जून हातात घ्या. पण लहान बॉडीची स्प्रूस गिटार मिळाली म्हणून सोडू नका. आकाराने पडणारा फरक फळीच्या फरकाहून मोठा असतो.

नायलॉन तारांची क्लासिकल घ्यावी का, हा तुमचा उपप्रश्न. शेजाऱ्यांच्या दृष्टीने छान, आवाजाच्या दृष्टीने पहिलीपासून सर्वात लांब, म्हणजे माझ्याच निकषावर ती पहिली यायला हवी. तरीही सावध करतो. तिचं नट 52 मि.मी., फिंगरबोर्ड सपाट, अंगठा गळ्यावरून वर काढून खर्जाची तार धरायची सवय असेल तर ती मोडावी लागेल. ते एक वेगळं वाद्य समजून शिकायची तयारी असेल तरच घ्या. मधला मार्ग म्हणून 48 मि.मी. नटच्या नायलॉन गिटारी मिळतात, त्या जरूर वाजवून बघा. आणि हे प्रत्येक वेळी सांगतो कारण दरवर्षी असा एक रुग्ण येतोच: क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा चढवू नका. नायलॉनचा संच सगळा मिळून 40 किलोच्या आसपास ओढतो, स्टीलचा हलका संच 70च्या वर. गेल्या वर्षी एक बाई आपल्या मुलाची गिटार घेऊन आल्या. ब्रिज मुळासकट उपटून तारांना लोंबत होता, नारळाच्या झावळीसारखा.

बारा तारांची नको. सुंदर असते, वर्षातून चार गाण्यांना लागते, सुरात लावायला गाण्याहून जास्त वेळ खाते. तो आवाज चाखायचाच असेल तर स्वस्तातला प्रयोग आहे. बारा तारांचा एक संच आणा, त्यातल्या खालच्या चार जोड्यांमधल्या फक्त बारीक तारा, म्हणजे वरच्या सप्तकातल्या, आपल्या गिटारवर चढवा. पहिल्या दोन नेहमीच्याच. सहा तारांतच चांदण्यासारखा आवाज निघतो, आणि दुसऱ्या गिटारसोबत वाजवला तर अप्रतिम. एवढं फक्त की तिसरी तार फार बारीक असते, हळू ताणा, डोळे लांब ठेवा.

डोंबिवलीचा पाऊस. दुकानदार "सगळी सॉलिड" म्हणाला तो इथे गप्प बसला असेल. सॉलिड लाकूड हवा पितं. गिटारला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. खाडीकाठी जुलैत खिडकी उघडी असेल तर 85-90 सहज. वरची फळी फुगते, ब्रिजमागे पोट सुटतं, तारा फ्रेटपासून उचलल्या जातात, आणि माणूस म्हणतो "गिटार कडक झाली." प्लायवुडसारख्या थरांची बॉडी हे सगळं निमूट सोसते. तुमची एफजी चौदा पावसाळे टिकली त्याचं श्रेय काही अंशी तिच्या थरांच्या पाठीला आहे. वरची फळी सॉलिड, पाठ थरांची, हा दुसऱ्या गिटारसाठीही शहाणा मेळ आहे. पैसेही वाचतात. सगळी सॉलिडच आवडली तर घ्या, पण मग कडक पेटी, आत छोटं आर्द्रतामापक आणि ओलावा शोषणारी पाकिटं हा संसार मांडावा लागेल. चार महिने ती पेटीत राहील, वाजवून झाली की परत पेटीत. हे जमणारं आहे का, ते खरं खरं स्वतःला विचारा. माझ्या अनुभवात पेटीतली गिटार कमी वाजते. पेटी उघडायच्या चार खटक्यांत माणसाचा मूड जातो.

आता प्रत्यक्ष दुकान. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, शेजारी कुणी तरी नवशिका ढणाणा अ‍ॅम्प वाजवत असतो. कामाच्या दिवशी सकाळी जा, पत्नीला घेऊन, आणि आपली जुनी गिटार पाठीवर टाकून. लोक लाजतात. लाजू नका. घरच्या गिटारचा आवाज दुकानात वेगळा लागतो, तो तिथेच ऐकला तरच तुलना खरी. दुकानातल्या तारा बहुधा सहा-आठ महिन्यांच्या, गंज धरलेल्या असतात. म्हणून निवड दोनवर आली की नव्या तारांचे दोन संच विकत घ्या आणि चढवून मागा. पाच-सातशे रुपयांसाठी चाळीस हजारांचा निर्णय गंजक्या तारांवर घेऊ नका. दुकानदार नाही म्हणाला तर तेही उत्तरच आहे.

मग तिघी आळीपाळीने: जुनी, नवी एक, नवी दोन. पत्नीने एकाच गाण्याचा मुखडा प्रत्येकीसोबत म्हणावा, काळी चारमध्ये. तुम्ही नेहमी वाजवता तसंच वाजवा, दुकानात सुचतं ते खास नको. त्यानंतर गिटार दुसऱ्या कुणाच्या हातात द्या आणि दोन मीटर समोर उभे राहा. वाजवणाऱ्याला जे ऐकू येतं आणि समोरच्याला जे पोचतं, ते लहान गिटारींत बरंच वेगळं असतं. काही हातात भित्र्या वाटतात आणि समोर स्पष्ट निघतात. आणि पत्नीला विचारा, कुठल्या गिटारला गाताना आवाज चढवावा लागला नाही. मी तुमच्या जागी असतो तर त्या उत्तराला माझ्या मतापेक्षा जास्त वजन दिलं असतं.

तपासणीही तिथेच उरका. बाराव्या फ्रेटवर स्टीलची पट्टी उभी धरून सहाव्या तारेची उंची बघा: अडीच मि.मी.पर्यंत ठीक, साडेतीन असेल आणि सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती बारीक पट्टी, आधीच बसकं असेल तर गळ्याचा कोन बिघडलेला आहे, सोडून द्या. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजवा, कुठे खरखर, कुठे मुका स्वर. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) ट्यूनरवर जुळतात का. व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा. सरकला तर ब्रिज सुटायला लागलाय. मोबाइलचा टॉर्च साउंडहोलमधून आत टाका, गोंदाचे ओघळ फार असतील तर घाईत बनवलेली. जुनी गिटार कुणाकडून घेणार असाल तर हेच सगळं दुप्पट काळजीने, आणि नाक आत घालून वास घ्या. कुबट वास म्हणजे ती एखादा पावसाळा माळ्यावर काढून आलीय.

खर्चाचं म्हणाल तर पन्नासातले चाळीस गिटारवर. उरलेल्यात बरी पेटी, चांगल्या माणसाकडून सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवून घेणं), आणि सोसायटीच्या कार्यक्रमासाठी पिकअप, म्हणजे गिटारचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारं साधन. पिकअप बसवलेलीच मिळाली तर उत्तम, नाहीतर नंतर बसवता येतो. घाईत निकृष्ट पिकअपवाली घेण्यात अर्थ नाही. घरात ती स्टँडवर, हात जाईल तिथे ठेवा. जुनीचं काय, ती चौदा वर्षांत आपली जागा करून बसली आहे, तिला कुणी हलवत नाही.

म्हणजे माझ्या हिशेबाने तुम्ही शोधताय ती अशी: लहान अंगाची ओएम घाटाची, चौदाव्या फ्रेटला बॉडी, 645च्या आसपास स्केल, नट 44.5, वरची फळी सॉलिड, जमलं तर सीडर किंवा महोगनी, पाठ कशाचीही. दुकानात यातली एखादी अट मोडणारी गिटार हातात येईल आणि सोडवणार नाही, असं होऊ शकतं. अट फळीची मोडली तर मोडू द्या. नटची मोडली तर घरी जाऊन एक रात्र झोपा.

सेटअपबद्दल एक. पावसाळ्यात खरेदी झाली आणि तारा उंच वाटल्या, तर लगेच सॅडल घासून घेऊ नका. जुलैत घासलेलं सॅडल दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, पोट बसलं, की बुटकं पडतं आणि सगळ्या तारा खरखरायला लागतात. मग नवं हाडाचं सॅडल, पुन्हा खर्च. नोव्हेंबरच्या मध्यावर न्या, तेव्हा जी उंची दिसेल ती धरून काम करायला सांगा, आणि काढलेलं मूळ सॅडल मागून घेऊन पेटीच्या खिशात टाकून ठेवा.